ओसरीवरच्या दोन बाटल्या

कोनोंगो, ३ मार्च

वन्सं,

हे काल घरी आले. आधी एवढंच लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव जागेवर राहील. कुमासीच्या इस्पितळात तीन आठवडे काढले. मूत्रपिंडं पुन्हा कामाला लागली आहेत, प्रभूची स्तुती असो, पण पूर्वीचा जोर येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मीठ बंद, ताडतेल जवळजवळ बंद. पातळ सार आणि उकडलेल्या कंदाच्या दोन फोडी, एवढंच जेवण. साखरेचा आजार आधीचाच, त्यात हे.

खाटेवर टेकल्या टेकल्या त्यांनी विचारलं, "ताई येऊन गेली का?" मी म्हटलं, येतील. खोटं बोलले नाही. कधी, ते सांगितलं नाही एवढंच.

फोन तुम्ही उचलत नाही. ताकोराडीला लेकीकडे आहात हे तुमच्या खाणावळीतल्या मुलींकडून कळलं, म्हणून हे पत्र. बसचा ड्रायव्हर आपल्याच चर्चच्या मंडळीतला आहे, तुमच्या लेकीच्या दुकानावर देईन म्हणाला. पैसे घेईना, तेव्हा एक पपई दिली.

काल संध्याकाळी बोआदीमामा आले. एरवी भाच्याला बघायला येतात तसे नाही, घराण्याचे कर्ते म्हणून आले. खांद्यावर भारी कापड, पायात मोठ्या चपला, मागे जिनच्या दोन हिरव्या चौकोनी बाटल्या धरलेला शेजारी. मी पाणी दिलं, आल्याचं कारण विचारलं. म्हणाले, "पोकुआकडून आलोय. काही चूक झाली असेल तर पोटात घाला, असं तिचं म्हणणं आहे."

मी बाटल्यांना हात लावला नाही. का, ते तुम्हाला सांगायला नको. बाटली घेतली की गोष्ट संपली, मग तिच्यावर कुणी बोलायचं नाही. मी म्हटलं, मामा, त्या रविवारी तुमच्या खाणावळीत जेवून आडवे पडले ते एकोणीस जण. त्यातला माझ्या घरचा एकच. बाकीच्यांच्या वतीने मी कशी घेऊ? मामा म्हणाले, "तू घेणारी कोण? तू सून. आमचा भाचा घेईल." त्यावर आतून ह्यांचा आवाज आला, "मामा, डॉक्टरांनी मला दारू वर्ज्य केली आहे." मामांना हसू आलं नाही.

बाटल्या ओसरीवर ठेवून ते निघून गेले. आत घ्याव्या तर स्वीकारल्यासारखं, परत पाठवाव्या तर मामांचा अपमान, तशाच ठेवाव्या तर शेजारची बकरी लाथ मारणार. मग मी त्यांच्यावर कोंबड्यांची टोपली पालथी घातली. आता त्या घरातही नाहीत आणि घराबाहेरही नाहीत.

वन्सं, बाटल्या पाठवण्याऐवजी तुम्ही स्वतः का आला नाहीत? भाऊ विचारतो आहे. खाणावळीला कुलूप आहे आणि "त्याची कृपा पुरे" या तुमच्या पाटीखाली बकऱ्या सावलीला बसतात. तुम्ही असतात तर खराट्याने हाकलल्या असत्या.

आम्पोफोची बायको,
दुफी


कोनोंगो, १९ मार्च

वन्सं,

उत्तर नाही. ड्रायव्हर म्हणाला, पाकीट तुम्ही स्वतः घेतलंत आणि न उघडता कमरेच्या कापडात खोचलंत. म्हणजे वाचलंत. न वाचायचं पत्र कुणी कमरेशी ठेवत नाही.

गेल्या आठवड्यात आसाबेआकडे वकीलबाई आल्या होत्या. आसाबेआ म्हणजे तुमची तेलवाली. तिने तेल घातल्याशिवाय तुमच्या खाणावळीतली चूल पेटायची नाही. त्या रविवारी ती आणि तिची लेक बिरागो तुमच्याकडेच जेवल्या. आसाबेआने कुटलेल्या कंदाचं फुफू घेतलं, पोरीने भाताचे गोळे. आईला काही झालं नाही. पोरगी बसस्टँडवर ओकता ओकता गटारात पडली आणि उजवं मनगट मोडलं. शिवण शिकत होती. हाड वाकडं बसलंय, कात्री धरता येत नाही.

वकीलबाईंचं नाव लामप्टे. अक्राच्या आहेत, वयाने आपल्या लेकींएवढ्या. चांगले बूट गाडीत ठेवून रबरी चपलांवर आल्या, बूट चिखलात खराब होतात म्हणाल्या. मला त्या तेवढ्यावरच आवडल्या. त्यांनी आम्हाला बाकांवर बसवून शाळेसारखं समजावलं. ते तुम्हालाही लिहिते. तुमच्याविषयी काय चाललंय ते तुम्हाला बाजारातून कळू नये.

त्या म्हणाल्या, बाहेरच्या खाण्याने आजारी पडलेल्या माणसाला एकच वाट नसते. पहिली, आरोग्यखात्याकडे तक्रार. ते येतात, स्वयंपाकघर बघतात, पाण्याची टाकी बघतात, रांधणाऱ्यांचे तपासणीचे दाखले मागतात, दंड करतात. पण त्या दंडातलं आजाऱ्याच्या हातात काही पडत नाही. ती तक्रार इस्पितळातूनच गेली आहे, कुलूप त्याचंच. ती आता सरकारची झाली, तुम्ही-आम्ही मिटवलं म्हणून मिटायची नाही. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. तिथे सगळं आम्हीच दाखवायचं: तिथेच जेवलो, त्या जेवणानेच आजारी पडलो, आणि खाणावळवालीने घ्यायची ती काळजी घेतली नाही. तिसरी, दोन्ही बाजूंनी बसून लेखी तडजोड करायची आणि ती कोर्टापुढे ठेवायची, म्हणजे उद्या कुणी फिरलं तर कागद बोलतो.

आसाबेआने विचारलं, "आणि आपली? मोठ्यांनी बसवून बाटलीवर मिटवायची?" बाई म्हणाल्या, तीही वाट आहे, कोर्ट तिला हसत नाही. पण ती एकदा धरलीत की मग माझ्याकडे येऊ नका, कारण समोरचा वकील पहिलं हेच विचारील, घरातल्या घरात मिटलं होतं ना? एवढ्यात कुणीतरी त्यांना माझ्या टोपलीविषयी सांगितलं. त्या उठून आमच्या ओसरीवर आल्या, टोपलीला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "याला कुणी हात लावू नका." सापाविषयी बोलावं तसं. तेव्हापासून शेजारच्या बायका ओसरीच्या कडेकडेने जातात.

मग पुराव्याचं निघालं. पावत्या कुणाकडे आहेत, असं त्यांनी विचारलं. आसाबेआ म्हणाली, "पावती? पोकुआकडे उष्ट्या हाताला पाणी मिळालं तरी नशीब." सगळे हसले. मीही हसले, माफ करा. पण बाईंना फुफूची आणि भाताची गोष्ट महत्त्वाची वाटली. सूप तर एकाच भांड्यातलं, तेच भुईमुगाचं. फुफूवाले सगळे धडधाकट आणि गोळे खाणारेच तेवढे आजारी. मग भातातच काही असणार. भात कधी केला होता हे कुणी सांगू शकेल का, असं त्यांनी विचारलं.

सगळ्यांनाच माहीत होतं. कसं माहीत, ते तुम्हाला माहीत आहे.

नव्या वर्षाच्या आभाराच्या रविवारी तुम्ही पांढरं कापड नेसून पुढे उभ्या राहिलात. म्हणालात, माझ्या मुली रविवारी पहाटेपासून भात घोटत बसायच्या, त्यांना उपासना कशी ती दिसायची नाही. आता आम्ही शनिवारी संध्याकाळीच गोळे वळतो, गरम असतानाच बर्फाच्या रिकाम्या पेटीत भरून झाकण लावतो, ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोमट राहतात. आता माझ्या मुलीही प्रभूच्या घरात बसतात. आणि सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी तर रुमालही हलवला.

आसाबेआ शेवटी म्हणाली, "बाई, साक्षीदार किती हवेत? चारशे चालतील?"

आता एकच गोष्ट कमी आहे. बाकीचे सगळे इथल्याच दवाखान्यात सलाईन लावून घरी गेले, त्यांची तपासणी कुणी केली नाही. कुमासीला नेलं ते ह्यांनाच. उलटीत कसला जंतू सापडला, हे लिहिलेला कागद ह्यांचाच आहे. तो नसेल तर बाकीच्यांचा दावा लंगडा.

कागद माझ्या पेटीत, लग्नातल्या कापडाखाली आहे. हे म्हणतात, "देऊ नकोस. तिने मला पाठीवर बांधून वाढवलंय." मामांनी निरोप धाडला, घराणं आईकडून चालतं, भाचा आमच्या घराण्याचा, तेव्हा आजारही आमचा आणि कागदही आमचाच. आसाबेआ तेलाचा डबा डोक्यावर घेऊन माझ्या दारावरून जाते आणि दाराकडे बघते.

तुम्ही या. तुम्ही आलात तर कागदाची गरज पडणार नाही.

दुफी


कोनोंगो, ४ एप्रिल

वन्सं,

तुमची चिठ्ठी मिळाली. उपवासकाळ चालू आहे म्हणून मी ती एकदाच वाचली, दुसऱ्यांदा वाचली असती तर रागाचं पाप लागलं असतं.

तुम्ही लिहिता, समोरच्या खाणावळवालीने सुपात काहीतरी टाकलं, तिकडच्या भविष्य सांगणाऱ्याला ते पाण्यात दिसलं. आणि शेवटी लिहिता, "मी तुला बायको म्हणत होते. तो शब्द मी परत घेतला."

आमच्या लग्नात तुम्ही माझा हात धरून सगळ्यांसमोर म्हणाला होतात, कागदावर नाव आम्पोफोचं असलं तरी तुझा खरा नवरा मी, तो वाकडा वागला तर माझ्याकडे यायचं. सगळ्याच नणंदा असं म्हणतात, तो रिवाजच आहे. पण तुम्ही ते निभावलंत. ह्यांचा पगार अडकला होता त्या वर्षी तुमच्या खाणावळीतून रोज संध्याकाळी झाकलेलं पातेलं यायचं आणि आणणारी मुलगी म्हणायची, नवऱ्याने बायकोला पाठवलंय. मी इतर सगळं लिहून ठेवते, पण ती पातेली कधी लिहिली नाहीत. लिहिली असती तर फेडावी लागली असती, आणि ती फेडायची नव्हती.

म्हणून तुम्हाला हे माझ्याकडूनच कळायला हवं. मागच्या पत्रात मी लिहिलं की कागद पेटीत आहे. तो पेटीत होता, अजूनही आहे. पण त्याची नक्कल त्याच दुपारी वकीलबाईंकडे गेली होती. पत्र लिहायला मी संध्याकाळी बसले.

कुणी मागितली नाही. बिरागो तुटलेलं बटण घेऊन आली होती, मावशी हे लावून देता का म्हणून. स्वतः शिवणारी पोर. ती डाव्या हाताने सुईत दोरा ओवायला बघत होती आणि तो जात नव्हता. बटण लावून झाल्यावर मी पेटी उघडली.

ह्यांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, सारात मीठ नाही. मी म्हटलं, असणारच नाही. म्हणाले, "मग निदान मिरची तरी घाल, काहीतरी लागू दे जिभेला." त्यांचा राग असाच जातो, तुम्हीच वाढवलेत.

आता त्या शत्रूविषयी. मी कुमासीच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, बाई, हा जंतू तांदळातच असतो, तुमच्या माझ्या घरातल्याही. शिजवला तरी त्याचं बी मरत नाही. भात कढत असेल तर ते झोपतं, गार असेल तर झोपतं. कोमट मात्र त्याला मानवतं. रात्रभर कोमट राहिला की ते वाढतं आणि विष सोडतं, मग वरून उकळतं सूप ओता नाहीतर पुन्हा वाफ द्या, ते विष जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही. उकळलं की शुद्ध, असं आपण आईकडून शिकलो. आईकडे ती पेटी नव्हती.

पेटी बर्फासाठी असते, वन्सं. आपण तिच्यात गरम ठेवतो. सगळेच ठेवतात. समोरचीही ठेवते. तेव्हा तिला काही टाकायची गरजच नव्हती.

तुम्ही मला बायको म्हणू नका. पण मुलींना प्रभूच्या घरात बसवायला निघालात आणि त्यातून हे झालं, यात शत्रू कुठे आला? चांगल्या मनाने केलेलं चुकीचं काम आहे. ते चारचौघांत म्हणता येतं.

आम्पोफोची बायको,
दुफी


कोनोंगो, २४ एप्रिल

वन्सं,

ईस्टर झाला. पहाटेच्या उपासनेला ह्यांना खुर्चीसकट नेलं. तुमची जागा रिकामी होती, तिथे कुणी बसलं नाही. राग असला तरी बसलं नाही.

वकीलबाईंनी दिवस ठरवला आहे, मे महिन्यातला दुसरा शनिवार. त्या दिवशी दोन्ही बाजू आमच्या ओसरीवर बसतील. तुम्ही आलात तर तडजोड, नाही आलात तर सोमवारी दावा दाखल. बाईंनी कागद तयार ठेवले आहेत, मी पाहिले. त्यात तुमचं पूर्ण नाव आहे, वडिलांनी ठेवलेलंसुद्धा. ते वाचून कसंसंच झालं.

दावा लागला तर काय होईल तेही मी विचारून घेतलं. वर्षं जातील. जिंकलो तर वसुली तुमच्या खाणावळीवर येईल, चुली, भांडी, बाकं जे असेल ते विकून. त्यातून एकदाच काय ते मिळेल, आणि मग ना खाणावळ ना तुम्ही. हरलो तर बिरागोचं मनगट तसंच आणि वर खर्च. हे मी बाकीच्यांना सांगितलं. आसाबेआ म्हणाली, "मला तिची बाकं नकोत. तिने माझ्या पोरीसमोर उभं राहावं. आणि मग डॉक्टरचा खर्च द्यावा, महिन्याच्या महिन्याला, खाणावळ चालवून." बाकीच्यांनी माना डोलावल्या. काही जणांनी नाहीही डोलावल्या. दोघे अजून म्हणतात, विकून टाका सगळं.

आता अडचण तुमची नाही, रिवाजाची आहे. अपराध ज्याच्याकडून झाला त्याने एकट्याने येऊन तोंड दाखवायचं नसतं, त्याच्यासाठी शब्द टाकणारं माणूस पुढे लागतं. मामांकडे गेले. म्हणाले, माझ्या बाटल्यांवर जिने कोंबड्यांची टोपली घातली तिच्या ओसरीवर मी पाय ठेवणार नाही. पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, आभाराच्या रविवारी सगळ्यांत मोठ्याने "आमेन" मीच म्हटलं होतं, मला नको यात. तुमच्या मैत्रिणी, ज्या तुमच्या खर्चाने वाढदिवस करायच्या, त्यांना त्या शनिवारी नेमकं लग्न आहे.

म्हणून मी ठरवलंय. तुमच्यासाठी शब्द मी टाकीन.

वकीलबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "तुम्ही आजाऱ्याची बायको. पुरावा दिलात तुम्ही. आणि रदबदलीही तुम्हीच करणार? मी तुम्हाला कुठल्या बाजूला बसवू?" मी म्हटलं, ओसरीला मध्ये पायरी आहे, मी तिथे बसेन. त्या म्हणाल्या, त्यांच्या पुस्तकात अशी जागा नाही. मी म्हटलं, ओसरी पुस्तकाआधीची आहे.

हे तुम्हाला उपकार वाटायला नकोत. शब्द टाकणाऱ्यालाच लोक आधी झोडतात, हे मला माहीत आहे. मी झोडून घेईन. पण पायरीवर बसून मी "चूक झाली असेल तर" असं म्हणणार नाही, आणि शत्रू, पाण्यात दिसलेलं, समोरची, यातला एक शब्द माझ्या तोंडून निघणार नाही. मी एवढंच म्हणेन, माझ्या नणंदेला तुम्हा सगळ्यांशी बोलायचं आहे. मग तुम्ही बोलायचं. आभाराच्या रविवारी उभ्या राहिलात तशाच उभ्या राहा. आनंदाचं पांढरं कापड मात्र नको.

या. न आलात तर मी पायरीवर एकटीच बसेन, आणि सगळे मला विचारतील, तुझी नणंद कुठाय? काय सांगू ते लिहून पाठवा.

दुफी


कोनोंगो, २२ मे

वन्सं,

तुम्ही बोलून झाल्यावर थेट बसस्टँडवर गेलात, पाणीसुद्धा प्यायला थांबला नाहीत. आणि बोलताना तुमची नजर पायांकडे होती. म्हणून तुम्हाला न दिसलेलं लिहिते.

तुम्ही यायच्या आधी मी पायरीवर बसून शब्द टाकला, तेव्हा आसाबेआने मला सोडलं नाही. म्हणाली, "दुफी, तू नक्की कुणाची? सकाळी आमची, दुपारी तिची?" मी म्हटलं, "आत खाटेवर एक नवरा आहे आणि गल्लीच्या तोंडाशी काळ्या कापडात दुसरा उभा आहे. दोघांचंही जेवण मलाच बघायचं आहे." हसू फुटलं सगळ्यांना, सर्व काही विका म्हणणाऱ्या दोघांनाही. तुम्ही ते गल्लीतून ऐकलंत आणि तुम्हाला वाटलं लोक तुम्हाला हसताहेत. नव्हते हसत.

मग तुम्ही आलात. तुम्ही म्हणालात, "शनिवारी मी वळले. गरमच पेटीत मी ठेवले. रविवारी वास घेतला, वास आला नाही, म्हणून वाढले. कुणी काही टाकलं नाही." आणि मग बिरागोकडे न बघता, तिच्या हाताकडे बघून, "तो हात माझ्यामुळे गेला." तेव्हा हे आत उठून बसले होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या आधाराशिवाय.

आसाबेआने तुम्हाला लगेच उत्तर दिलं नाही, ते तुमच्या मनाला लागलं असेल. पण तुम्ही सही करून निघालात आणि तुमची पाठ वळल्यावर ती उठली, टोपलीपाशी गेली आणि टोपली उचलली. सगळे दोन पावलं मागे सरले, वकीलबाईसुद्धा. एका बाटलीला मुंग्या लागल्या होत्या, दुसरी तशीच. आसाबेआ ती घेऊन माझ्या घरात आली आणि ह्यांच्या खाटेखाली ठेवली. म्हणाली, "घेतली." एवढंच.

मिटल्याची खूण म्हणून मुंग्यांची बाटली मामांकडे पाठवली. त्यांनी ती मान्य केली, पण निरोप आलाच की टोपली विसरणार नाही. दुसरी बाटली वाया घालवली नाही. तिच्यात मुळ्या भिजत घातल्या आहेत, रोज ह्यांच्या पायांना चोळते. पाळकसाहेबांना हे चालेल असं मी धरून चालले आहे, विचारलेलं नाही.

तडजोडीचा कागद बाईंनी कोर्टापुढे ठेवला. इस्पितळाचे खर्च आणि बुडालेली रोजी महिन्याच्या महिन्याला, बिरागोच्या हाताच्या शस्त्रक्रियेचे आधी. आरोग्यखात्याचा दंड वेगळा, तो तुम्हाला भरावाच लागेल. ते म्हणतात, सगळ्या मुलींची तपासणी झाली, दाखले आले आणि टाकी धुतली की कुलूप काढू. टाकी मी काल धुवून घेतली. आतून काय निघालं ते तुम्हाला सांगत नाही.

आज सकाळी ताकोराडीचा ड्रायव्हर दारात उभा. हातात झाकलेलं पातेलं, कापडाने बांधलेलं. म्हणाला, "तुमच्या नवऱ्याने पाठवलंय." मी म्हटलं, नवरा आत झोपलाय. तो म्हणाला, "तो नाही, दुसरा."

मी पातेलं तिथेच ओसरीवर उघडलं. सुके मासे आणि नवं कापड. मासे खारवलेले आहेत, ह्यांना देता येणार नाहीत, हे तुम्ही विसरलात. अर्धे बिरागोकडे पाठवले. कापड ठेवलं. हिशेबात लिहिलं नाही.

कुलूप निघेल त्या पहिल्या रविवारी उपासना झाल्यावर आम्ही येऊ. हे, मी, आसाबेआ आणि बिरागो. चार ताटं, भाताचे गोळे, सूप कढत. गोळे त्याच दिवशी वळायचे. तुमच्या मुली आळीपाळीने उपासनेला बसतील, प्रभू समजून घेईल. आणि वाढायच्या आधी मी सगळ्यांसमोर विचारीन, कधी वळले? रागवायचं नाही. दर रविवारी विचारीन, मरेपर्यंत. तुम्ही कंबरेवर हात ठेवून उत्तर द्यायचं, मग आम्ही जेवायला बसू.

बकऱ्या अजून तुमच्या पाटीखालीच बसतात. खराटा मी दाराशी ठेवला आहे.

तुमची बायको,
दुफी